शी कोण उचलतं?

कुत्र्यामांजरांचं शेल्टर बघायला लोक येतात तेव्हा गेटमधूनच पहिला प्रश्न येतो, चावत नाहीत ना? दुसरा, रेबीजची इंजेक्शनं दिलीत ना? दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत, रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही, त्यामुळे त्याची भीती असायलाच पाहिजे. पण यांना जंताचं औषध शेवटचं कधी दिलंत असं मला तरी अजून कुणी गेटवर विचारलेलं नाही. आणि रोज सकाळी ही एवढी सगळी शी उचलतं कोण हेही नाही. शेल्टरचं काम म्हणजे लोकांना वाटतं पिल्लांना मांडीवर घेणं, बाटलीनं दूध पाजणं, फोटो काढून अडॉप्शनच्या पोस्ट टाकणं, ते असतंच, पण दिवसातला मोठा वेळ जातो तो सुपली, खराटा, पाण्याचा पाइप आणि वायपर यांच्यात. आणि जंतांचा सगळा कारभार त्या सुपलीतूनच चालतो.

मी ठाण्यात नौपाड्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आठवडाभर माणसांचं रक्त, लघवी, स्टूल, आणि रविवारी ट्रान्स हार्बर लोकल पकडून रबाळ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं शेल्टर आहे तिथे जाते. नाव मुद्दाम लिहीत नाही, पत्ता पसरला की रात्री गेटबाहेर खोक्यात पिल्लं ठेवून जातात. आमच्या लॅबमधला जुना मायक्रोस्कोप सरांनी शेल्टरला दिला, त्यामुळे रविवारी तिथे माझं काम तेच, फक्त सॅम्पल कुत्र्यामांजरांची. गंमत नाही, मला ते काम मनापासून आवडतं, कारण बाहेरून सगळं छान दिसणाऱ्या प्राण्याच्या पोटात काय चाललंय ते तिथे कळतं.

सुरुवात पिल्लांपासून करते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत. खोक्यातून आलेलं तीन आठवड्यांचं पिल्लू, हातपाय काडी आणि पोट टम्म, आणि येणारा जाणारा म्हणतो, वा काय गुटगुटीत आहे, भरपूर दूध पितंय वाटतं. ते दूध नसतं हो. ते बहुतेक वेळा राउंडवर्म, म्हणजे गोल जंत असतात, शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस. आणि लोक विचारतात की आत्ता कुठे डोळे उघडलेत, बाहेर माती चाटली नाही, याला जंत आले कुठून, तर आईकडून, जन्माच्या आधीच. कुत्रीनं कधीतरी लहानपणी ही अंडी गिळलेली असतात, त्यातल्या काही अळ्या तिच्या मांसात, स्नायूंमध्ये जाऊन गप पडून राहतात, वर्षानुवर्षं. तिची शी तपासा, काही सापडणार नाही. ती गाभण राहिली की शेवटच्या तीन आठवड्यांत, साधारण ४२व्या दिवसानंतर, त्या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या शरीरात उतरतात, काही नंतर दुधातूनही जातात. म्हणजे रस्त्यावरची कुत्री असो नाहीतर हिरानंदानीमधल्या एसी फ्लॅटमधली, पिल्लू जन्मतं तेच जंत घेऊन असं धरून चालायचं. मांजरांमध्ये थोडं वेगळं आहे, त्यांचा टॉक्सोकारा कॅटी पोटात असताना पिल्लाला जात नाही, पण दुधातून जातो.

आणि म्हणूनच आमचे डॉक्टर (परळच्या व्हेटर्नरी कॉलेजमध्ये शिकलेले, मितभाषी माणूस) एकच गोष्ट सगळ्यांना ओरडून सांगतात की पहिला डोस दोन आठवड्यांचं झाल्यावर, दोन महिन्यांचं झाल्यावर नाही. कारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास पिल्लाच्या शीतून अंडी पडायला लागतात आणि त्याच्या आधी औषध पोटात गेलं पाहिजे. मग दर पंधरा दिवसांनी परत, आईचं दूध सुटेपर्यंत आणि त्यानंतरही थोडं, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. मांजराच्या पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून. परत परत का द्यायचं तर औषध मारतं ते आतड्यातल्या जंतांना, शरीरात फिरत असलेल्या अळ्यांना बहुतेक नाही, त्या चार दिवसांनी आतड्यात येऊन पोचतात आणि नवीन बॅच तयार. आईलाही पिल्लांसोबत डोस, कारण ती त्यांची शी चाटून साफ करते. आणि वजन करून डोस, अंदाजपंचे अर्धी गोळी नाही. दत्तक देताना "डीवर्मिंग झालंय" एवढंच सांगतात बऱ्याच ठिकाणी, कधी झालंय, कितव्यांदा झालंय, किती वजनावर झालंय हे कार्डावर लिहिलेलं नसेल तर त्या वाक्याला मी तरी फारसा अर्थ देत नाही.

आता माणसांना यातून काय होतं ते. इथे दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात आम्ही लहानपणापासून कुत्र्यांत वाढलो काही होत नाही, दुसरे म्हणतात कुत्र्याचा केस पोटात गेला की जंत होतात. दोघांचंही चुकतं. टॉक्सोकाराची अंडी ताज्या शीतून बाहेर पडतात तेव्हा ती कुणालाच बाधत नाहीत. त्यांना मातीत, ओलाव्यात, उबेत दोनतीन आठवडे लागतात, मग आत अळी तयार होते आणि तिथून पुढे ते अंडं धोक्याचं, आणि मग ते वर्षंवर्षं तसं राहू शकतं. शी पावसानं वाहून गेली, वास गेला, दिसायचं बंद झालं, अंडी तिथेच. एक मादी दिवसाला लाखभर अंडी घालू शकते, पिल्लाच्या पोटात अशा कितीतरी असतात, आता तुमच्या सोसायटीच्या गार्डनचा विचार करा. म्हणजे धोका पिल्लाला कुशीत घेण्यात कमी आणि जुन्या, न उचललेल्या शीच्या मातीत जास्त. ज्या मातीत तीन वर्षांचं पोर घसरगुंडीखाली बसून खेळतं आणि मग तोच हात तोंडात घालतं.

पोटात गेलेली अळी माणसात मोठा जंत होत नाही, तिला माणूस हे आपलं घर वाटतच नाही, ती नुसती फिरत राहते, यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात. बहुतेकांना काही कळतही नाही. काहींना ताप, खोकला, दमा असल्यासारखी धाप, यकृताला सूज. आणि डोळ्यात गेली तर मात्र दृष्टी जाऊ शकते. १९५० मध्ये अमेरिकेत हेलेनोर वाइल्डर या बाईंनी लहान मुलांचे काढून टाकलेले डोळे तपासले, त्यातल्या बऱ्याच मुलांचे डोळे कॅन्सर समजून काढलेले होते, आणि आत सापडल्या जंताच्या अळ्या. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचेना. पोराचा डोळा गेला आणि कारण काय तर अंगणातली माती. दोन वर्षांनी, १९५२ मध्ये, बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांमध्ये यकृतात फिरणाऱ्या या अळ्या टॉक्सोकाराच्या आहेत हे मांडलं. हे सगळं क्वचित होतं हे मला माहितीये, घाबरवायला लिहीत नाहीये, पण क्वचित म्हणजे शून्य नाही आणि टाळता येण्यासारखं आहे म्हणून लिहितेय.

एक लॅबमधली गोष्ट सांगते जी बाहेर फार कुणाला माहीत नसते. पालक मुलाचं स्टूल घेऊन येतात, घरी नवीन पिल्लू आणलंय, डॉक्टरनी तपासायला सांगितलंय. आम्ही तपासतो, रिपोर्टवर लिहितो अंडी दिसली नाहीत, आणि ते निश्चिंत होऊन जातात. पण कुत्र्याच्या राउंडवर्मची अंडी माणसाच्या शीत सापडणारच नाहीत ना, तो माणसात अंडी घालण्याइतका मोठाच होत नाही. त्या रिपोर्टनं त्या प्रश्नाचं उत्तर मिळतच नाही, त्यासाठी रक्ताची वेगळी टेस्ट असते, आणि सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात का ते बघतात, त्या सुद्धा पन्नास कारणांनी वाढतात. हुकवर्मचं, म्हणजे अंकुशकृमीचं, उलट. आशियातल्या कुत्र्यामांजरांत अँसायलोस्टोमा सीलॅनिकम नावाचा एक हुकवर्म असतो, तो माणसाच्या आतड्यात व्यवस्थित मोठा होतो, रक्त पितो, अंडी घालतो, आणि ती अंडी मायक्रोस्कोपखाली माणसाच्या हुकवर्मच्या अंड्यांसारखीच दिसतात. आम्ही लिहितो "हुकवर्म ओव्हा सीन", म्हणजे हुकवर्मची अंडी दिसली, माणूस गोळी घेतो, बरा होतो. तो जंत दुसऱ्या माणसाकडून आला की गल्लीतल्या कुत्र्याकडून, कुणी विचारत नाही आणि साध्या तपासणीत कळतही नाही. त्यामुळे गोळी घेऊन परत त्याच मातीत अनवाणी फिरायचं आणि परत तेच.

हुकवर्मवर जरा थांबते, कारण आमच्या शेल्टरमध्ये माझा सगळ्यात जास्त राग कुणावर असेल तर तो यांच्यावर. हा जंत दुधातून पिल्लाला जातो आणि आतड्याला चावा घेऊन रक्त पितो. पिल्लं पहिल्या आठवड्यात मस्त असतात, वळवळतात, पितात, आणि दुसऱ्या आठवड्यात एकदम मलूल, हिरड्या पांढऱ्याफटक, शी डांबरासारखी काळी, आणि संध्याकाळपर्यंत संपतात. त्या वेळी शी तपासली तरी अंडी दिसत नाहीत कारण अंडी घालण्याइतका वेळच जंताला मिळालेला नसतो, त्याच्या आधीच पिल्लू गेलं. म्हणून तिथे रिपोर्टची वाट बघायची नसते, हिरड्या बघायच्या. गेल्या पावसाळ्यात एका कुत्रीची सगळी पिल्लं अशी गेली, दूध होतं, गोधडी होती, सगळं होतं. ते लिहायला मला अजून जड जातं.

आणि पावसाळ्यात हा जंत माणसाकडे येतो. अंडं मातीत पडलं की एकदोन दिवसांत फुटतं, आठवडाभरात अळी तयार, ओल्या मातीत, वाळूत, शेवाळलेल्या फरशीच्या फटीत ती वाट बघत बसते आणि उघडी कातडी लागली की आत शिरते. गिळायला लागत नाही, हात धुतले होते का हा प्रश्नच नाही, पाय टेकला एवढं पुरे. कुत्र्याच्या शरीरात ती कातडीतून आतड्यापर्यंत जाते. माणसात यातल्या बऱ्याच जातींना कातडीच्या खालच्या थरातून पुढे जाता येत नाही, मग त्या तिथेच, कातडीतल्या कातडीत, वाट शोधत फिरत राहतात आणि वरून लाल नागमोडी रेघ दिसते, रात्रभर झोपू न देणारी खाज.

आमच्याकडे सकाळचं काम करणाऱ्या मावशी दिघ्याहून येतात. सहाला येतात, सगळे केनल, मांजरांची खोली, मागचं अंगण, सगळं त्या आणि अजून एक मुलगा असे दोघं मिळून करतात. जुलैमध्ये त्यांच्या पायाच्या कडेला अशी रेघ आली. त्यांना वाटलं नायटा, मेडिकलमधून ट्यूब आणली, लावली, थोडी लाली गेली, खाज राहिली. मला रविवारी दाखवलं तेव्हा मी रेघेच्या टोकाला बॉलपेननं खूण केली आणि त्यांच्या मुलीला म्हटलं उद्या सकाळी फोटो पाठव. फोटोत रेघ खुणेच्या पुढे गेली होती, चांगली नखभर. नायटा असा एका दिशेनं चालत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, गोळ्या दिल्या, चारपाच दिवसांत खाज थांबली. अल्बेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिननं हे बरं होतं, त्यात अवघड काही नाही. आणि औषध नाही घेतलं तरी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी अळी मरतेच. पण तोपर्यंत ती बाई रात्रीची झोपली नव्हती आणि सहाला कामावर येत होती, खाजवून खाजवून पायाला जखम झाली होती आणि त्याच पायानं परत त्याच पाण्यात उभी.

गमबूट नव्हते का, होते. कुणीतरी देणगीत दिलेले, पुरुषांच्या मापाचे, नऊ नंबर. मावशी म्हणाल्या, "ताई, त्या बुटात पाय हिंडतो माझा, आणि वरनं पाणी शिरलं की दिवसभर भिजल्यालाच राहतो, त्यापरास चप्पल बरी." बरोबर आहे त्यांचं. ओल्या फरशीवर ढिल्या बुटात घसरून कंबर मोडण्यापेक्षा चप्पल बरी असंच कुणालाही वाटेल. आम्ही पाच नंबरचे गमबूट शोधायला निघालो तर बायकांच्या मापाचे सहज मिळेनात, शेवटी ठाणे स्टेशनजवळच्या एका जुन्या दुकानदारानं मागवून दिले, आत घालायला सुती मोजे, दोन जोड, म्हणजे एक वाळत राहील. इतकी साधी गोष्ट. आणि ही गोष्ट कुठल्याच शेल्टरच्या विशलिस्टवर मी वाचलेली नाही, तिथे असतं पेडिग्री, ब्लँकेट, खेळणी, कॉलर.

माझं जे म्हणणं आहे ते इथेच आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुत्र्यांमुळे रोगराई म्हणून जे सगळ्यात मोठ्यानं बोलतात त्यांना या जंतांचा धोका सगळ्यात कमी असतो, ते लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून लिफ्टमध्ये. धोका शी उचलणाऱ्याला, सोसायटीचं गार्डन झाडणाऱ्या दादांना, नाका कामगारांच्या त्या पोरांना जी बांधकामाच्या रेतीच्या ढिगाऱ्यावर खेळतात आणि त्याच रेतीत रात्री कुत्री-मांजरं शी करून जातात. सरकारचा राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, २०१५ पासून, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, शाळेत अंगणवाडीत गोळी देतात, फार चांगला कार्यक्रम आहे तो, पण वय १ ते १९. पंचेचाळीस वर्षांची बाई जी रोज दोन तास कुत्र्यांची शी उपसते ती कुठल्याच यादीत नाही. कुत्र्याचं कार्ड आहे आमच्याकडे, प्रत्येकाचं, तारीख, वजन, औषध. मावशींचं नव्हतं.

मांजरांकडे येते, कारण तिथे उलटं होतं, जिथे भीती नको तिथे भीती. घरात सुनेला दिवस गेले की पहिलं काय होतं, तर मांजर बाहेर. आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या मांजरांमधली कितीतरी अशी आलेली आहेत, पाचसहा वर्षं गादीवर झोपलेलं मांजर एका दिवसात पिंजऱ्यात. कारण टॉक्सोप्लाझ्मा, मांजराच्या शीतून पसरू शकणारा एक सूक्ष्म परजीवी. आता हा धोका खोटा नाही. पहिल्यांदा लागण गरोदरपणातच झाली तर बाळाला गंभीर त्रास होऊ शकतो, डोळ्यांना, मेंदूला. पण जरा नीट बघा. मांजर बहुतेक करून आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, ही अंडी शीतून टाकतं. ती अंडी बाहेर पडल्या पडल्या बाधत नाहीत, एक ते पाच दिवस जावे लागतात. म्हणजे लिटर ट्रे, मांजराच्या शीचा तो ट्रे, रोजच्या रोज साफ केला, आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणी केला, नवऱ्यानं केला, तर मांजराकडून येण्याची वाट जवळपास बंद होते. घरातल्या घरात राहणारं, शिकार न करणारं, शिजवलेलं किंवा पॅकेटमधलं खाणारं मांजर असेल तर त्याला लागण होण्याचीच शक्यता कमी. आणि अर्धकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, कुंडीतली माती उकरणं, यातूनही हेच येतं, त्याबद्दल मात्र घरात कुणी सुनेला काही विचारत नाही.

आणि त्यात ती टॉर्च टेस्ट, गरोदरपणात काही संसर्गांसाठी करतात ती रक्ताची तपासणी. आमच्या लॅबमध्ये रोज येतात. टॉक्सोचं आयजीजी (लागणीनंतर रक्तात टिकून राहणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं की सासूबाई तिथेच काउंटरवर म्हणतात, बघ, मी म्हणत होते ना, त्या मांजरामुळे. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे लागण कधीतरी आधी होऊन गेलेली आहे, शरीर तयार आहे, तब्येत एरवी चांगली असेल तर ते बाळाच्या दृष्टीनं बरंच चांगलं आहे. काळजी असते ती नवीन लागणीची, आणि आयजीएम (लागणीनंतर आधी दिसणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं तरी ते कधीकधी वर्षभरसुद्धा तसंच दाखवत राहतं, त्यामुळे लागण जुनी की नवी ते सांगणारी पुढची अॅव्हिडिटीची टेस्ट करून मग डॉक्टर ठरवतात. मी काउंटरवर रिपोर्टचा अर्थ सांगायचा नसतो, तो डॉक्टरांचा अधिकार, पण एवढं तरी सांगते की मॅडम डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मांजर देऊ नका. काही ऐकतात.

टेपवर्मचं, म्हणजे चपट्या पट्टीसारख्या जंताचं, थोडक्यात सांगते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी हलताना दिसलं की लोक घाबरून फोन करतात, तो बहुतेक वेळा डिपायलिडियम, पिसवांमधून येणारा. अंगावरची पिसू कुत्र्यानं चावून गिळली की आला. लहान मुलानं खेळताखेळता चुकून पिसू गिळली तर त्यालाही होतो, पण फार त्रास देत नाही. गोळी दिली आणि पिसवांचं काही केलं नाही तर महिन्याभरात परत. एवढंच.

दुसरा टेपवर्म मात्र वेगळा, एकिनोकोकस, जेमतेम काही मिलिमीटरचा, कुत्र्याच्या पोटात असला तर कुत्र्याला काही होत नाही आणि शीत सहज दिसतही नाही. माणसाच्या पोटात याचं अंडं गेलं तर यकृतात नाहीतर फुप्फुसात पाण्याची गाठ, हायडॅटिड सिस्ट, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि अनेकदा ऑपरेशन करावं लागतं. याच्या अंड्याला मातीत थांबावं लागत नाही, बाहेर पडतं तेच तयार. हा कुत्र्याकडे येतो कच्च्या कलेजी-फुप्फुसातून, शेळ्यामेंढ्यांच्या. म्हणून कुत्र्यांवर जीव असलेल्या सगळ्या फीडर मंडळींना हात जोडून सांगते, मटणवाल्याकडून उरलेलं आणता, पुण्याचं काम करता, पण ते उकळून, पूर्ण शिजवून घाला. कच्चं नका घालू, कधीच.

साफसफाईबद्दल पण बोललंच पाहिजे कारण फिनाईलवर आपला फारच विश्वास आहे. फिनाईलचा वास आला की जागा स्वच्छ झाली असं वाटतं. राउंडवर्मच्या अंड्याचं कवच इतकं जाड असतं की फिनाईल, ब्लीचिंग पावडर, यांनी ते मरत नाही, ब्लीचनं वरचा चिकट थर सुटतो आणि फरशीवरून धुऊन काढायला सोपं जातं इतकंच. मरतं ते उकळत्या पाण्यानं, वाफेनं. हुकवर्मच्या अळ्या कडक उन्हात, कोरड्या फरशीवर टिकत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे आता क्रम ठरलाय, आधी शी कोरडीच उचलायची, पाण्याचा पाइप मारून पसरवायची नाही, मग धुणं, मग वायपरनं निपटून कोरडं करणं. आधी पिल्लांची खोली, मग धडधाकट मोठी, शेवटी आजारी आणि नवीन आलेली, म्हणजे बुटाला चिकटून घाण पिल्लांकडे जात नाही. नवीन प्राणी पंधरा दिवस वेगळा. मागचं मातीचं अंगण मात्र डोकेदुखी, कुत्र्यांना तिथे खेळायला मिळालंच पाहिजे, नुसत्या सिमेंटवर ती वेडी होतात, आणि माती धुता येत नाही. दोन भाग केलेत, आलटूनपालटून वापरतो, उन्हाळ्यात वरची माती खरवडून काढतो, आणि शी उचलायला दिवसातून दोनदा फेरी. डॉक्टर म्हणतात अंड्याला आठवडे लागतात, शी त्याच दिवशी उचलली तर अर्धी लढाई तिथेच संपली. मला वाटतं अर्ध्याहून जास्त.

मायक्रोस्कोपचं काम ऐकायला मोठं वाटतं पण साधंय. मिठाचं संपृक्त पाणी, त्यात थोडी शी कालवून गाळायची, छोट्या नळीत काठोकाठ भरायची, वर कव्हरस्लिप ठेवायची, पंधरावीस मिनिटं हलवायचं नाही. अंडी हलकी असतात, वर तरंगून काचेला चिकटतात. टॉक्सोकाराचं अंडं गोल, गडद तपकिरी, खडबडीत काठाचं, हुकवर्मचं लांबट, पातळ कवचाचं, आत चारआठ पेशींचा पुंजका. जिआर्डिया, जुलाब करणारा एकपेशीय परजीवी, मिठात आक्रसून जातो म्हणून त्याला झिंक सल्फेट लागतं, आणि तो रोज पडत नाही म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने. जिआर्डिया सापडला की व्हॉलंटियर घाबरतात, पण कुत्र्यांमध्ये बहुतेक सापडणारे त्याचे प्रकार माणसाला होणारे नसतात. पिल्लांच्या जुलाबात दिसणारा कॉक्सिडियासुद्धा, आयसोस्पोरा, माणसाला लागत नाही. हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसते, आणि पिल्लाला परत उचलून घेतात, मला ते बघायला फार आवडतं.

२०२५ मध्ये भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचे आदेश आले तेव्हा शेल्टरमध्ये दुसरा विषयच नव्हता. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात होतं की नसबंदी, जंताचं औषध, लस देऊन कुत्र्याला जिथून उचललं तिथेच सोडा, रेबीजची आणि आक्रमक कुत्री सोडून. मला त्या यादीत जंताचं औषध वाचून बरं वाटलं होतं. मग ७ नोव्हेंबरचा आदेश आला, शाळा, हॉस्पिटलं, बस स्टँड, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणची कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायची आणि परत तिथे सोडायची नाहीत. मुलांच्या सुरक्षेसाठीच आहे ते, कुत्रा चावलेल्या पोराच्या आईला मी काय सांगणार. पण मी लॅबवाली बाई आहे, मला दिसतं ते असं की जितकी कुत्री एका जागी, तितकी शी एका जागी, तितकी अंडी एका जागी. रस्त्यावर विखुरलेलं असतं, ऊन लागतं. शेल्टरमध्ये एकाच्या पोटातलं दुसऱ्याच्या पोटात जायला दोन फूट अंतर. त्यामुळे नवीन शेल्टरची चर्चा होते, एकरात, कोटीत, पिंजऱ्यांच्या संख्येत, तेव्हा मला हे ऐकायचं असतं की किती कुत्र्यांमागे किती सफाई कामगार ठेवणार, गरम पाण्याची सोय आहे का, फरशीला उतार आहे का, पाणी जाणार कुठे, आणि त्या कामगारांची तपासणी कोण करणार.

आमच्यापुरतं आम्ही सुरू केलंय. लॅबच्या सरांना मी विचारलं, ते लगेच हो म्हणाले. शेल्टरमध्ये काम करणाऱ्या सगळ्यांचं सीबीसी आणि स्टूल, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, पैसे नाहीत. पहिल्या वेळी मावशींचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं. ते जंतांमुळेच असं मी म्हणणार नाही, आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन कमी असायला जंतांची गरज नसते. पण स्टूलमध्ये हुकवर्मची अंडी होती, गोळी दिली, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, तीन महिन्यांनी अकराच्या पुढे. आता त्यांचंही कार्ड आहे, कुत्र्यांच्या कार्डांच्या शेजारीच फाइलला लावलंय, नाव, तारीख, तपासणी, औषध, टीटीचं इंजेक्शन, रेबीजची आधी घ्यायची लस. त्या मुलाचं पण आहे, आणि आता व्हॉलंटियर मुलीही मागून घेतात.

तुम्ही ठाण्यात, ऐरोलीत, कोपरखैरण्यात कुठल्या शेल्टरला काही द्यायला जात असाल तर जायच्या आधी फोन करून विचारा की सकाळचं काम कोण करतं आणि त्यांच्या पायाचं माप काय. पाच, सहा आणि सात नंबरचे गमबूट कुठे मिळतात ते मला विचारलंत तर मी सांगेन, आणि सोबत सुती मोज्यांचे दोन जोड नक्की घ्या.